कुंडीतले अंजीर आणि पाण्याची पाळी

महाराष्ट्रात अंजिराचे नाव निघाले की बोट आपोआप पुरंदराकडे वळते. दिवे, गुऱ्होळी, सासवड या टापूतील मुरमाड उतारांवर आणि कऱ्हेच्या खोऱ्यातील कोरड्या हवेत पिकणाऱ्या या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली. इकडे चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून पठारावर गेले, म्हणजे खुलताबाद-दौलताबादच्या परिसरातही याच फळाची जुनी ख्याती कानी पडते. तेथील झाडांतून निवड करूनच परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘दिनकर’ हे वाण प्रसृत केले. या दोन मुलुखांपासून फारसा दूर नसलेला खानदेश मात्र केळी आणि कापूस यांच्या जोरावर दूरदूरच्या बाजारपेठांत नाव कमावूनही अंजिराच्या नकाशावर जवळजवळ कोराच राहिला आहे.

याचे कारण येथील शेतकऱ्याच्या उद्यमशीलतेत शोधण्याचे प्रयोजन नाही. ते पायाखालच्या मातीत आहे. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली खोल काळी माती कापसाला आणि केळीला कितीही मानवत असली, तरी पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि चैत्र-वैशाखात हातभर खोल भेगा पाडते. अंजिराच्या मुळांना पहिल्या अवस्थेत श्वास घेता येत नाही आणि दुसऱ्या अवस्थेत ती तुटतात. त्यात वरून येथला उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जाणे ही कोणाला नवलाची गोष्ट वाटत नाही, आणि त्या दिवसांतल्या झळांपासून केळी वाचविण्यासाठी बागाईतदार बागेच्या कडेने शेवरीची किंवा गजराज गवताची दाट भिंत उभी करतात. अशा मुलुखात मूळचे पश्चिम आशियाचे असलेले हे झाड शेतात लावण्याचे धाडस थोड्यांनीच करावे हे स्वाभाविक आहे. परंतु शेताने जे नाकारले ते गच्चीने स्वीकारलेले दिसते. जळगावच्या आणि धुळ्याच्या नव्या वसाहतींतून हिंडताना, कठड्याच्या आतून डोकावणारी ती रुंद, खरखरीत, पंजासारखी कापलेली पाने आता अधूनमधून नजरेस पडतात, आणि त्यांच्या बुडाशी बहुधा अर्धा कापलेला निळा प्लास्टिकचा पिंप असतो.

पिंपातल्या या बागाईतीचे मर्म असे, की येथे माणूस झाडाला जमीन निवडून देतो. काळ्या मातीचा दोष टाळता येतो, मुरूम, वाळू, शेणखत यांचे प्रमाण आपल्या हाती राहते, निचऱ्याची भोके हवी तितकी पाडता येतात. पण हा अधिकार घेताना आपण एक मोठी जप्तीही करीत असतो, तिची जाणीव फार थोड्यांना असते. रानातले झाड तहानले म्हणजे मुळे लांबवून पाण्याचा शोध घेते, आणि तो शोध घेण्याचा त्याचा निसर्गदत्त हक्क कुंडीच्या भिंतीपाशी संपतो. त्या क्षणापासून झाडाच्या तहानेची संपूर्ण जबाबदारी मालकाच्या शिरावर येते. कुंडीतले अंजीर जगते की मरते, फळते की नुसते पाने मिरवते, हे खतावर किंवा वाणावर जितके अवलंबून आहे त्याहून कितीतरी अधिक या एका जबाबदारीच्या नियमित पालनावर अवलंबून आहे, असे माझे अनेक गच्च्या पाहून झालेले मत आहे. आणि पाण्याच्या नियमितपणाचा विचार करावयाचा तर त्याला खानदेशाइतकी योग्य भूमी दुसरी नाही, कारण पाण्याची पाळी लावण्याचे शास्त्र येथे शतकानुशतके जोपासले गेले आहे.

अंजिराचा कुंडीतला संसार मुळीच नवा नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला हे फळ अतिशय प्रिय होते, आणि त्याच्या व्हर्साय येथील शाही फळबागेचा अधिकारी ला कँतिनी याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेकडो अंजिरे लाकडी पेट्यांत लावून थंडीच्या दिवसांत ती छपराखाली हलविण्याची व्यवस्था केली होती. तेथे पेटीचे प्रयोजन हिमापासून बचाव हे होते. येथे तेच प्रयोजन उलट्या अंगाने लागू पडते, कारण खानदेशातल्या कुंडीला हलवावे लागते ते वैशाखातल्या पश्चिमेच्या उन्हापासून पूर्वेच्या सावलीत. हे झाड असला बंदिवास सहन करते याचे रहस्य त्याच्या कुळात आहे. वड, पिंपळ, पायर, नांदरूक, उंबर ही सारी त्याची भावंडे. भिंतीच्या फटीत, देवळाच्या शिखरावर, विहिरीच्या दगडी कड्यात मूठभर मातीवर तग धरण्याची शक्ती या कुळाला उपजतच आहे. यातही अंजिराची मुळे तंतुमय आणि पृष्ठभागालगत पसरणारी असल्यामुळे ती कुंडीच्या उथळ मापाशी लवकर जुळवून घेतात, आणि मुळांचा पसारा आवरला गेल्याने झाडाची शक्ती अनावर फांद्या फेकण्याऐवजी फळाकडे वळते.

आपण ज्याला फळ म्हणतो ती वस्तुतः आत वळलेल्या असंख्य फुलांची बंद पिशवी आहे, आणि म्हणूनच उंबराचे फूल कोणाला दिसत नाही तसे अंजिराचेही दिसत नाही. अंजिराच्या काही जातींत एक सूक्ष्म गांधीलमाशी त्या पिशवीच्या तोंडातून आत शिरल्याखेरीज फलधारणा होत नाही. आपल्याकडील पुणेरी अंजिराला मात्र तिची गरज नाही, ते परागीभवनावाचूनच फळते, आणि गच्चीवरच्या एकट्या झाडाला फळ यावयाचे ते याच गुणामुळे. अशाच परागरहित अंजिरांचे, सुमारे अकरा हजार चारशे वर्षांपूर्वीचे, जळून कोळसा झालेले अवशेष जॉर्डन नदीच्या खोऱ्यातील गिलगाल येथे सापडल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. अशी फळे बीजातून वंश चालवू शकत नाहीत, ती माणसाने फांदी खोचूनच टिकविली असली पाहिजेत, असा तर्क संशोधकांनी त्यावरून केला. सर्वांना तो मान्य नसला तरी, फांदी तोडून दुसरीकडे खोचण्याइतका सोपा या झाडाचा वंशविस्तार आहे एवढे खरे.

आता पाण्याच्या हिशेबाकडे वळू. दोनशे लिटरचा पिंप मधोमध कापला म्हणजे शंभर लिटरची एकेक कुंडी होते; गच्चीवर बहुतेकांना झेपते ती साठ लिटरच्या आसपासची. साठ लिटरच्या कुंडीतले मिश्रण भिजून निथळल्यावर फार तर पंधरा-वीस लिटर पाणी धरते, आणि त्यातलेही सगळे मुळांना ओढता येत नाही. याउलट माणसाच्या उंचीचे, पानांनी भरलेले झाड वैशाखातल्या झळांत दिवसाला पाच-सात लिटर पाणी सहज उडवून देते. म्हणजे कुंडीची सारी शिल्लक जेमतेम दोन दिवसांची. शेतातल्या झाडाला आठ दिवस पाणी चुकले तर ते कुरकुरते. कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात दोन दिवस चुकले तर ते फळे टाकते, आणि तिसऱ्या दिवशी पानेही. लग्नकार्यासाठी घराला कुलूप लावून गेलेल्या किती कुटुंबांची झाडे अशी गेली असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

धुळ्यात देवपुरातल्या एका गच्चीवर एका निवृत्त शिक्षकांनी लावलेली अंजिरे मी पाहिली, त्या वेळी त्यांनी दाखविलेली एक गोष्ट प्रत्येक कुंडीवाल्याने डोळ्यांनी पाहावी अशी आहे. एका कुंडीत पूर्वी कोणी तरी निव्वळ शेतातली काळी माती भरली होती. ती वाळून आक्रसली होती आणि कुंडीची भिंत व मातीचा गोळा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. गुरुजींनी तांब्याभर पाणी ओतले. ते डोळ्यांदेखत त्या फटीतून खाली उतरले आणि निचऱ्याच्या भोकांतून वाहू लागले. पाहणाऱ्याला वाटावे, पाणी तळापर्यंत पोचले, झाड तृप्त झाले. मग त्यांनी खुरप्याने गोळ्याच्या मधोमध वीतभर खोल उकरून दाखविले, तर आत माती धुळीसारखी कोरडी. असे झाड रोज पाणी मिळूनही तहानेने मरते आणि मालक पाण्याऐवजी खताला दोष देत बसतो. उपाय त्यांनीच सांगितला: भेग पडलेली कुंडी घमेल्यात किंवा टबात अर्धी बुडेल अशी तासभर ठेवावी, वरून बुडबुडे येणे थांबेपर्यंत, कुंडी उचलण्याजोगी नसेल तर मातीच्या पृष्ठभागावर तांब्याने हळूहळू, थांबून थांबून, तीन-चार वेळा पाणी सोडावे, आणि पुढल्या भरणीच्या वेळी काळी माती एक हिस्सा, जाड वाळू किंवा बारीक मुरूम एक हिस्सा आणि चांगले कुजलेले शेणखत एक हिस्सा असे मिश्रण करून त्यात थोडी निंबोळी पेंड घालावी. पाणी केव्हा द्यावे, या माझ्या प्रश्नावर त्यांनी पानाची कडा बोटांत धरून अहिराणीत एवढेच म्हटले, “भाऊ, पान सांगस, आपन आयकानं.”

पान खरोखरच सांगते, मात्र त्याचे म्हणणे नीट वाचावे लागते. भर दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ झाली, तर तो केवळ उन्हाचा ताप समजावा. सकाळी सहाला पाने लोंबत असतील तर मात्र ती तहान खरी. आणि लोंबणाऱ्या पानांखालची माती ओली असेल, तर तहानेचा नव्हे, सडत चाललेल्या मुळांचा तो पुकारा आहे. तेथे आणखी पाणी घालणे म्हणजे झाडाचा शेवट जवळ आणणे होय. म्हणून पानाच्या साक्षीला बोटाची साक्ष जोडावी: दोन पेरे बोट मातीत घालून गारवा लागतो की नाही ते पाहावे. लहान कुंडी असेल तर ती किंचित उचलून तिच्या वजनाचा अंदाज घ्यावा. हाताला आठवड्याभरात हे माप कळू लागते. पाणी द्यावयाचे ते तळातून निथळेपर्यंत द्यावे. रोज वरवर शिंपडून माती ओली दिसेल एवढेच पाणी देण्याची सवय फार घातक, कारण त्यामुळे मुळे वरच्या चार बोटांत गोळा होतात आणि पहिल्या झळेला होरपळतात.

पाळीचा आरंभी उल्लेख केला तो याचसाठी. साक्री तालुक्यातील डोंगरांत उगम पावून धुळ्यावरून वाहत जाऊन मुडावदजवळ तापीला मिळणाऱ्या पांझरेच्या काठी, तसेच मोसम आणि आरम यांच्या काठी, फड पद्धती या नावाने जी सिंचनव्यवस्था शतकानुशतके चालत आली तिचा बंदोबस्त पाहण्यासारखा होता. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारे, त्यांतून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि चाऱ्यांखालील जमिनीचे मोठमोठे फड. एका फडात त्या हंगामी एकच पीक, पुढल्या वर्षी दुसरे. प्रत्येक खातेदाराची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली, यामुळे बंधाऱ्याजवळच्याने भरपूर घ्यावे आणि शेवटच्याने कोरडे राहावे असा अन्याय मुळातच टळे. पाणी कोणी स्वतःच्या हाताने फोडावयाचे नाही. ते पाटकऱ्याने द्यावयाचे, हवालदाराने देखरेख करावयाची, जागल्याने राखण करावयाची आणि त्यांचा मेहनताना गावाने धान्यरूपाने चुकवावयाचा. ज्या वर्षी नदी आटे त्या वर्षी कोणत्या फडाला पाणी द्यावयाचे आणि कोणता फड पडीक ठेवावयाचा याचा निवाडा पंच करीत आणि तो सर्वांवर सारखा बंधनकारक असे. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना नोकरीच्या आरंभीच या मुलुखात पाठविण्यात आले आणि पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे नळांचा सायफन बांधून पाटाचे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्या हाती आले. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी जमिनीचे गट पाडून पीकफेरीने पाणी देण्याची जी ब्लॉक पद्धती सुरू केली, तिची जातकुळी फडाशी मिळतीजुळती आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

गच्चीवरील बागेला फडापासून घेण्यासारखे काय, तर हेच, की पाणी देणे कोणाच्या लहरीवर सोपवावयाचे नाही. घरात पाच माणसे असली म्हणजे प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने पाणी घातले असेल, किंवा दोघेजण एकाच दिवशी घालतात. जळगावातल्या ज्या घरी मी दर वर्षी फळ देणारी अंजिरे पाहिली, तेथे स्वयंपाकघराच्या दाराआड दिनदर्शिकेवर रोजच्या रकान्यात पाणी देणाऱ्याचे आद्याक्षर लिहिलेले होते. त्या घरातल्या ताई म्हणाल्या, “सासूबाईंनी घालून दिलेला शिरस्ता आहे. अक्षर नाही लिहिले, तर पाणी घातलेच नाही असे धरायचे आणि जाऊन माती बघून यायची.”

ज्यांना असा शिरस्ता पाळणे शक्य नाही, त्यांच्यासाठी जळगावने दुसरी तजवीज करून ठेवली आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलचा व्यापार सुरू केला, आणि त्यातून क्रमाक्रमाने उभ्या राहिलेल्या त्यांच्या उद्योगाने पुढे ठिबक सिंचन या देशातल्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आणण्याचे जे कार्य केले, त्याने खानदेशच्या केळीचा कायापालट झाला. ठिबकाची आधुनिक कल्पना इस्रायलच्या सिम्चा ब्लास यांची. गळक्या नळाशेजारचे एक झाड इतरांहून जोमाने वाढलेले पाहून त्यांना ती सुचल्याचे सांगतात, आणि १९६५ साली हात्झेरीमच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, तिच्या उत्पादनाचा उद्योग स्थापन झाला. आपल्या लोकांना हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नव्हते. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर टांगलेली गळती ज्याने पाहिली आहे, त्याला थेंबाथेंबाने अखंड देण्याचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कुंडीसाठी ठिबक बसविणे सोपे आणि स्वस्त आहे. ताशी चार लिटर पाणी देणारे दोन ड्रीपर एका मोठ्या कुंडीत, बुंध्यापासून वीतभर अंतरावर समोरासमोर ठेवावेत. अर्ध्या तासात चार लिटर पाणी मिळते, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ असा अर्धा-अर्धा तास पुरेसा होतो. एकाच ड्रीपरवर विसंबू नये, कारण वाळूमिश्रित मातीत पाणी सरळ खाली उतरते आणि कुंडीचा दुसरा अर्धा भाग कोरडा राहतो. घड्याळाचा स्वयंचलित नळ बसविला तरी आठवड्यातून एकदा प्रत्येक ड्रीपर हातावर धरून पाहण्यास चुकू नये; आपल्याकडील बोअरच्या पाण्यातील क्षारांनी त्यांची तोंडे नकळत बुजतात.

यंत्राची आवड नसलेल्यांसाठी याहून जुनी युक्ती आहे. बिनझिलईचे मातीचे गाडगे गळ्यापर्यंत कुंडीत पुरावे, पाण्याने भरावे, वर झाकणी ठेवावी. त्याच्या अंगातून पाणी झिरपते ते माती मागेल तितकेच. चीनमधील फान शंग-ची या कृषिलेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी या पद्धतीचे वर्णन करून ठेवले आहे, आणि आपल्याकडेही मटका सिंचन या नावाने ती कोरडवाहू भागात रूढ आहे. साठ लिटरच्या कुंडीत दोन-तीन लिटरचे एकच गाडगे बसते, त्यामुळे भर उन्हाळ्यात केवळ त्यावर भागत नाही. परंतु चार दिवस परगावी जावयाचे असेल तर कुंडी सावलीत ओढून, वर आच्छादन घालून आणि शेजाऱ्याला गाडगे भरण्याची विनंती करून गेले असता झाड वाचते. आच्छादनाला खानदेशात तोटा नाही. केळीची वाळलेली पाने, ज्वारीच्या कडब्याचे तुकडे, बारीक केलेल्या पऱ्हाट्या, यांपैकी काहीही तीन-चार बोटे जाड पसरावे. फक्त बुंध्याला चिकटू देऊ नये.

पाण्याचे प्रमाण जितके महत्त्वाचे तितकीच त्याची जात. कुंडीत क्षार साचतात आणि शेतासारखे ते खोल वाहून जाण्यास वाव नसतो; कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसू लागली की ती याची साक्ष समजावी. अंजीर क्षार बऱ्यापैकी सोसते, तरीही महिन्यातून एकदा कुंडीच्या दीडपट-दुप्पट पाणी तिच्यातून सावकाश निथळू देऊन क्षार धुऊन काढणे इष्ट. उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी लोक मोठ्या काटकसरीने झाडांना घालतात, आणि तेथे हेतू चांगला असूनही अपाय होतो. कारण हवेत उडून जाते ते शुद्ध पाणी, टाकीत उरतो तो घट्ट झालेला क्षार. शुद्धीकरण यंत्राच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचेही तेच. याउलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारविरहित असते, आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही निर्धोक. ज्या शहरांत नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही लांबच्या अंतराने येते, तेथे या फरकाची माहिती प्रत्येक गृहिणीला असणे अत्यावश्यक आहे.

कारण पाण्याच्या टंचाईचा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. धुळ्याचे पाऊसमान जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, जळगावचे त्याहून दीड-दोनशेने अधिक. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, त्यांच्यापासून काही कोसांवर गच्चीत फळझाड वाढवावे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नव्हे. माझे उत्तर असे, की घरात एकदा वापरलेल्या पाण्यातून जितकी झाडे जगतील तितकीच ठेवावीत. बहुतेक कुटुंबांत हा हिशेब दोन किंवा तीन कुंड्यांवर थांबतो. दहा कुंड्या मांडून उन्हाळ्यात पिण्याचे पाणी त्यांत ओतणाऱ्याने फडाच्या पंचांचे स्मरण करावे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवण्याचा हुकूम त्यांनी निःसंकोचपणे दिला असता.

उन्हापासून रक्षणाविषयी थोडके सांगितले पाहिजे. झाडाच्या पानांपेक्षा कुंडीच्या भिंतीला ऊन लागणे अधिक वाईट, कारण काळ्या प्लास्टिकला टेकलेली मुळे अक्षरशः शिजतात. कुंडीला बाहेरून चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे, बुडाखाली तीन विटा ठेवून तापल्या गच्चीपासून तिला वेगळे करावे, आणि मार्चअखेरीपासून दुपारच्या बाजूला हिरवी जाळी बांधावी. भर दुपारी पाणी देऊ नये. नळीत साठलेले पाणी त्या वेळी हाताला चटका देण्याइतके तापलेले असते.

सर्वांत नाजूक प्रकरण बहाराचे. पुरंदरचे बागाईतदार पावसाळ्यात वाढून हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा खट्टा बहार आणि हिवाळ्यात धरून उन्हाळ्यात काढावयाचा मीठा बहार असे दोन्ही घेतात, आणि प्रत्येकाच्या आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात, म्हणजे पाने गळून ते विश्रांती घेते. हे ऐकून काही उत्साही मंडळी खट्ट्या बहारासाठी कुंडीतल्या झाडाचे पाणी ऐन एप्रिलमध्ये तोडतात. खोल जमिनीत झाडाला ताण सोसवतो तो खालच्या ओलाव्याच्या आधारावर. दोन दिवसांची शिल्लक असलेल्या कुंडीत ताण आणि मृत्यू यांत अंतर उरत नाही. खानदेशात कुंडीवर मीठा बहारच घ्यावा आणि ताणही पाऊस सरल्यावर, हवा सौम्य असताना, पाणी एकदम न तोडता हळूहळू कमी करून द्यावा. फळ धरल्यावर मात्र पाण्यात खंड नको. काही दिवस कोरडे ठेवून एकाएकी भरपूर पाणी दिले की पक्वतेला आलेले फळ उकलते, आत मुंग्या आणि आंबूस वास शिरतो, आणि चार महिन्यांची सेवा एका दिवसात वाया जाते.

फळ झाडावरच पिकू द्यावे. कच्चे काढलेले अंजीर घरात मऊ होते, गोड होत नाही. देठ मऊ पडून फळ मान टाकते आणि तोडताना चीक येत नाही, तेव्हा ते तयार झाले असे समजावे. हा चीक अंगाला लागू देऊ नये, त्याने त्वचा भाजल्यासारखी होते. पपईच्या चिकात जसे प्रथिने पचविणारे पपेन असते तसे अंजिराच्या चिकात फिसिन असते. पिकलेल्या फळांतला बुलबुल आणि साळुंक्यांचा हिस्सा मात्र जाळी बांधली तरी थोडा जातोच.

पाऊस सरला, की मीठ्या बहाराची वेळ येते. कुंडीच्या बुडाची सगळी भोके काडी घालून मोकळी करावीत. पावसाळ्यात ती हटकून बुजतात. तीन वर्षे एकाच कुंडीत असलेले झाड गोळ्यासकट बाहेर काढून, कडेची गुंतलेली मुळे धारदार सुरीने चारी बाजूंनी दोन-दोन बोटे छाटून, नव्या मिश्रणात पुन्हा बसवावे. तांबेऱ्याचे डाग पडलेली पाने गोळा करून जाळावीत आणि एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. फांद्यांची हलकी छाटणी केल्यावर पाने नसलेल्या झाडाला तीन-चार दिवसांआड पाणी पुरे. अंकुर फुटले की दोन दिवसांआड, आणि माघात पाने तळहाताएवढी झाली की रोज. छाटलेल्या फांद्या टाकून देऊ नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे, चार-सहा डोळ्यांचे तुकडे वाळूमिश्रित मातीच्या पिशव्यांत अर्धे खोचून सावलीत ठेवले, तर दीड-दोन महिन्यांत त्यांना मुळे फुटतात. ती रोपे आप्तेष्टांना आनंदाने द्यावीत. मात्र देण्यापूर्वी त्या घरी पाण्याची पाळी कोणाकडे राहणार, हे विचारून घ्यावे.